डॉर्सेट : मुलांच्या हाती दिलेला परगणा

इंग्लंडात स्थायिक झालेल्या लेकाकडे अथवा लेकीकडे उन्हाळ्यात जाऊन राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांची आणि त्यांच्यामागोमाग सुट्टीत तिकडे जाणाऱ्या भावंडांच्या कुटुंबांची संख्या गेल्या काही वर्षांत इतकी वाढली आहे, की लंडनचा किल्ला, बकिंगहॅमचा राजवाडा आणि टेम्स नदीवरील पूल यांची वर्णने मराठी वाचकास आता नवी राहिलेली नाहीत. परंतु या मंडळींबरोबर जी पाच-सात ते बारा-तेरा वर्षांची मुले असतात, त्यांना घेऊन एक सबंध दिवस कोठे घालवावा, ह्या प्रश्नाचे उत्तर राजधानीत सहसा मिळत नाही. कारण राजधानीत पाहावयाचे पुष्कळ असले तरी हात लावावयाचे थोडे असते, आणि मुलांच्या सहलीची खरी कसोटी, माझ्या मते, तेथे त्यांच्या हातांना काही काम आहे की नाही, हीच होय. या कसोटीस पूर्णपणे उतरणारा परगणा म्हणून मी डॉर्सेटचे नाव घेईन.

पश्चिमेस डेव्हन, पूर्वेस हॅम्पशायर, उत्तरेस सॉमरसेट व विल्टशायर अशा चतुःसीमा असलेला हा दक्षिण किनाऱ्यावरील मुलूख. इंग्लंडच्या नकाशावर जाळ्यासारखे पसरलेले ‘मोटरवे’ नावाचे महामार्ग याच्या सरहद्दीच्या आत एकही शिरत नाहीत, आणि राजाज्ञेने ‘सिटी’ हा दर्जा मिळालेले एकही नगर येथे नाही. डॉर्चेस्टर हा टुमदार कसबा हेच परगण्याचे मुख्य ठाणे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून निघालेली आगगाडी सुमारे दोन तासांत पूल बंदरास आणि आणखी काही वेळाने डॉर्चेस्टर व वेमथला पोचविते. पण डॉर्सेटची ख्याती आहे ती त्याच्या समुद्रकड्यांमुळे. डेव्हनमधील एक्समथपासून डॉर्सेटमधील स्टडलंडच्या पांढऱ्या खडूच्या सुळक्यांपर्यंतचा 95 मैलांचा किनारा 2001 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केला, तो एवढ्याचकरिता की, पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाणाऱ्यास तेथे पृथ्वीच्या सुमारे साडेअठरा कोटी वर्षांच्या इतिहासाचे दप्तर थरावर थर रचून उघडे ठेवलेले दिसते.

या दप्तराची पाने मुलांनी स्वतः चाळावीत अशी जागा म्हणजे लाइम रीजिस आणि त्याच्या शेजारचे चारमथ. येथील कडे चिकणमातीचे व चुनखडीचे. पावसाचे पाणी त्यांत मुरते, मातीचे लगदे होऊन कडा खाली घसरतो, भरतीच्या लाटा त्या लगद्यातील हलकी माती धुऊन नेतात आणि जड असलेले जीवाश्म वाळूगोट्यांत मागे राहतात. अर्थात् समुद्र हा येथे अविश्रांत खोदकाम करणारा मजूर आहे आणि मुलांनी फक्त वाकून वेचावयाचे आहे. सर्वांत अधिक सापडतात ते ॲमोनाइट नावाच्या, गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या प्राण्याचे अवशेष. प्राणवायू नसलेल्या समुद्रतळाच्या चिखलात ते शंख पुरले गेले तेव्हा काहींच्या पोकळीत लोह आणि गंधक यांचे संयुग साचले, म्हणून चारमथच्या वाळूत नखाएवढे, सोन्यासारखे चकाकणारे ॲमोनाइट मिळतात. ते सोने नव्हे, हे मुलांना अवश्य सांगावे. त्यामुळे त्यांच्या आनंदात तिळमात्रही उणेपणा येत नाही.

मराठी मुलांना येथे आणखी एक गोष्ट सांगता येते, जी त्यांच्या इंग्रज सोबत्यांना सांगता येणार नाही. आपल्या देवघरात जो काळाभोर शाळिग्राम असतो, ज्याच्या अंगावरील चक्र विष्णूची खूण मानून आपण त्यास तुळशीपत्र वाहतो आणि कार्तिकात ज्याचे तुळशीशी लग्न लावतो, तो गंडकी नदीच्या पात्रातील शाळिग्राम म्हणजेही ॲमोनाइटच. हिमालय ज्या सागराच्या तळातून वर उचलला गेला त्या सागरातील तो प्राणी, आणि चारमथच्या चिखलात सापडणारा त्याचा दूरचा भाऊबंद, दोघेही जुरासिक कालखंडातील. एकास आपण पूजेत ठेवले, दुसऱ्यास इंग्रजांनी संग्रहालयात ठेवले. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तळहातावर ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, तर श्रद्धा आणि शास्त्र यांविषयी तासभराच्या व्याख्यानाने जे साधणार नाही ते क्षणार्धात साधते, असा माझा दृढ विश्वास आहे.

या किनाऱ्याची अधिष्ठात्री म्हणावी अशी स्त्री मेरी ॲनिंग हिचे चरित्रही मुलांना सांगण्याजोगे आहे. 1799 मध्ये लाइम येथे एका गरीब सुताराच्या घरी तिचा जन्म झाला. हवापालटासाठी येणाऱ्या श्रीमंतांना बाप जीवाश्म विकीत असे व त्यासाठी मुलांना कड्याखाली घेऊन जात असे. 1810 मध्ये तो कर्ज मागे ठेवून वारला. पुढल्या वर्षी थोरल्या भावास एका विलक्षण प्राण्याची कवटी सापडली आणि त्यानंतर बारा वर्षांच्या मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर नावाचा मत्स्याकृती सरीसृप गावच्या जमीनदाराने 23 पौंडांस विकत घेतला. 1823 मध्ये लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा तिने उजेडात आणला, तेव्हा पॅरिसच्या क्युव्हिएसारख्या धुरंधर शास्त्रज्ञाने प्रथम त्याच्या खरेपणाविषयी संशय घेतला आणि मागाहून तो मागे घेतला. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेत मात्र स्त्रियांना प्रवेश नव्हता. मेरीच्या शोधांवर निबंध वाचले गेले, त्या सभेत मेरीला बसता आले नाही. 1847 मध्ये ती वारली. तिच्या घराच्या जागेवर आज गावचे संग्रहालय उभे आहे, आणि 2022 च्या मे महिन्यात समुद्राच्या बाजूस तिचा पुतळाही उभा राहिला. त्या पुतळ्याची चळवळ एका स्थानिक शाळकरी मुलीने आरंभिली होती. आपल्या गावात या बाईचा पुतळा का नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. तो विचारून ती थांबली नाही, वर्गणी जमा होईपर्यंत तिने पिच्छा पुरविला. मुलींना घेऊन जाणाऱ्या पालकांनी या पुतळ्यापाशी घाई करू नये.

वेचण्याचेही नियम आहेत, आणि ते मुले आनंदाने पाळतात. कड्यास हातोडा लावावयाचा नाही, त्याच्या पायथ्याशी बसावयाचे नाही, सुटे पडलेले तेवढे घ्यावयाचे. आणि काही असामान्य सापडल्यास त्याची नोंद चारमथच्या किनारा-केंद्रात करावयाची. त्या केंद्रातील जाणकार मार्गदर्शक मुलांना बरोबर घेऊन फेऱ्या काढतात. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने अशा फेरीत सामील व्हावे, हे उत्तम. भरती-ओहोटीचे वेळापत्रक मात्र आदल्या रात्रीच पाहून ठेवणे अत्यावश्यक, कारण ओहोट लागल्यावर निघून भरती सुरू होताच परतावे लागते. कडा आणि पाणी यांच्या मध्ये अडकलेल्यांच्या सुटकेसाठी बचाव-नौका धाडावी लागण्याचे प्रसंग या किनाऱ्यावर घडतात.

परगण्याच्या पूर्व भागातील पर्बेक टेकड्यांत कॉर्फ नावाचा भग्न किल्ला आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना तेथे नेले असता इतिहासाची प्रस्तावना करावी लागत नाही. बाराव्या शतकाच्या आरंभीचा त्याचा बालेकिल्ला आज अर्धा कोसळलेला, बुरूज कलंडलेले, एक तर उतारावर खाली सरकून तसाच उभा राहिलेला. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत, 1643 मध्ये, घरधनी राजाच्या चाकरीत दूर असताना लेडी मेरी बँक्स या गृहिणीने मुली, दासी आणि मूठभर शिपाई यांच्या साहाय्याने तटावरून दगड व जळते निखारे लोटून हा किल्ला लढविला. 1646 मध्ये फितुरीने तो पडला. कुमक म्हणून आत घेतलेले शिपाई शत्रूचे निघाले. पार्लमेंटने तो पाडण्याचा हुकूम केला आणि सुरुंगांनी त्याचे तट उडविण्यात आले. त्याच सुमारास सह्याद्रीत शिवाजी महाराज तोरण्यावर स्वराज्याचे तोरण बांधीत होते, हे मुलांना सांगितले की दोन देशांचे शतक एका क्षणात जुळते. एनिड ब्लायटन या पर्बेक भागात वारंवार सुट्टीस येत, आणि त्यांच्या पाच साहसी मित्रांच्या गोष्टींतील किल्ला कॉर्फवरूनच सुचला, अशी तेथे सर्वत्र समजूत आहे. ती पुस्तके वाचलेली मुले भुयार शोधीत फिरताना मी पाहिली आहेत.

किल्ल्यास मोटारीने न जाता स्वॉनेजच्या किनाऱ्यावरून वाफेच्या गाडीने जावे. 1885 मध्ये सुरू झालेला हा फाटा 1972 च्या जानेवारीत बंद करून सरकारने रूळ उखडून नेले. नंतर केवळ हौशी स्वयंसेवकांनी, पगार न घेता, वर्षानुवर्षे सुट्टीचे दिवस खर्चून रूळ पुन्हा अंथरले आणि 1995 मध्ये गाडी पुन्हा कॉर्फला आणली. तिकिटे तपासणारे, शिटी फुंकणारे, कोळसा टाकणारे बहुतेक सर्व लोक अजूनही स्वयंसेवकच. आणि त्यांच्यापैकी एखाद्यास मुलाने इंजिनाविषयी प्रश्न विचारला, तर तो हातातील काम संपताच सविस्तर उत्तर देतो.

पूल बंदरातील ब्राउन्सी बेटावर होडीने जावयाचे. तेथील पूर्वीच्या मालकीणबाईंच्या मृत्यूनंतर हे बेट वारसा-कराच्या वसुलीपोटी सरकारकडे येऊन 1962 मध्ये नॅशनल ट्रस्टच्या विश्वस्तांकडे सोपविण्यात आले आणि पुढल्या वर्षी लोकांस खुले झाले. 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी याच बेटावर वीस मुलांची प्रायोगिक छावणी भरविली : काही ईटन-हॅरोसारख्या खानदानी शाळांतील, काही पूल व बोर्नमथच्या कामकरी वस्त्यांतील, आणि सगळी एकत्र, एकाच पंक्तीस. आपल्या शाळांतून दिसणाऱ्या बालवीर-पथकांचा उगम तो हाच. मुलांचे लक्ष मात्र झाडांवरील तांबड्या खारींकडे असते. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी व त्यांच्याबरोबर आलेल्या रोगाने इंग्लंडच्या बहुतेक भागांतून या मूळच्या खारींचे उच्चाटन केले. बेटाभोवतीच्या पाण्याने येथील सुमारे दोनशे खारी वाचविल्या. येथे मोरही हिंडताना दिसतात. तांबड्या खारीच्या शोधात टाचा उंचावून उभ्या असलेल्या मराठी मुलास पाठीमागून अकस्मात् मोर भेटावा, हा योग विलक्षण खरा.

ॲबट्सबरीच्या हंसवाडीचा दिवस लहान मुलांसाठी राखावा. अकराव्या शतकात बेनेडिक्टी मठवासीयांनी येथे हंस पाळले, ते मेजवान्यांसाठी. 1539 मध्ये मठ बरखास्त झाला, हंस राहिले. शेकडो मुक्त हंसांच्या घरट्यांमधून येथे पायवाट जाते, आणि मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पिले अंड्यांतून बाहेर येताना हाताच्या अंतरावरून दिसतात. दाणे घालण्याच्या ठरावीक वेळी मुलांसही बादल्या देतात. हंसवाडी ज्या खाजणास लागून आहे त्याच्या पलीकडे चेझिलचा 18 मैलांचा गोट्यांचा बांध पसरला आहे. पश्चिमेस वाटाण्याएवढे असलेले गोटे पोर्टलंडकडे मुठीएवढे होत जातात, आणि काळोखात किनाऱ्यास लागलेले जुने कोळी गोटा चाचपून आपला ठावठिकाणा ओळखीत, असे सांगतात. पोहण्यास ही जागा धोक्याची आहे. लाटांचा ओढा फार. पोहण्यासाठी वेमथ किंवा स्टडलंडची वाळू बरी.

थोड्या मोठ्या मुलांस टायनम दाखवावे. 1943 च्या डिसेंबरात लष्कराच्या सरावासाठी हे गाव रिकामे करविण्यात आले. युद्धानंतर परत येता येईल, या भरवशावर रहिवासी निघाले. परंतु मालमत्ता सरकारजमाच राहिली, ते परतले नाहीत. शाळेची खोली जुन्या बाकांसह जतन केली आहे. भोवती अद्याप तोफांचा सराव चालत असल्यामुळे वाट बहुधा शनिवार-रविवारी व सुट्ट्यांतच खुली असते. आपल्याकडे धरणांखाली गेलेल्या गावांची कहाणी ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांस येथे काही समजावून द्यावे लागणार नाही.

एका दिवसात एकच ठिकाण, हा शिरस्ता ठेवावा. नॅशनल ट्रस्टच्या स्थळांत पाच वर्षांखालील मुलांस प्रवेश-शुल्क नाही, आणि जी कुटुंबे तीन-चार स्थळे पाहणार असतील त्यांस वार्षिक सभासदत्व परवडते. डबा बरोबर असावा. उघड्यावर खाताना मात्र सीगल पक्षी हातातला घास नेतात, तेव्हा भिंतीच्या आडोशास बसावे. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, जुलैअखेरपासून सहा आठवडे, सर्वत्र गर्दी असते. मे अथवा ऑक्टोबरच्या अखेरीस येणारी आठवड्याची सुट्टी मला अधिक पसंत आहे. शिवाय कडे कोसळून जीवाश्म सुटतात ते शरदातील व हिवाळ्यातील वादळांनंतर, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यास चारमथची वाळू अधिक उदार भेटते. पण ब्राउन्सीची होडी आणि हंसवाडी यांचा हंगाम त्याच वेळी संपत आलेला असतो, हे ध्यानात ठेवून बेत करावा.

दिवसभर पाऊसच लागला, तर किमरिजला जावे. स्टीव्ह एचेस या गृहस्थाने प्लंबरचा व्यवसाय सांभाळून आयुष्यभर वेचलेल्या जीवाश्मांचे संग्रहालय 2016 पासून तेथे आहे. 2022 मध्ये किमरिजच्या किनाऱ्यावर त्यांच्या एका मित्रास प्लिओसॉर या अजस्र जलचराच्या तोंडाचे टोक सापडले. ड्रोनने कड्याची पाहणी करून उरलेल्या कवटीची जागा निश्चित केली गेली, आणि दोरांनी लोंबकळत ती उंच कड्यातून खोदून काढण्यात आली. दोन मीटर लांबीची, 130 दातांची ती कवटी आज तेथे पाहावयास मिळते. उरलेला सांगाडा अद्याप त्याच कड्यात असावा, असे एचेस यांचे मत आहे, आणि तो समुद्राने नेण्याआधी बाहेर काढावा, अशी त्यांची इच्छा आहे.