इंजिनिअरिंगनंतर परदेशात फायनान्स? कॉमर्स नसलं तरी चालतं, पण अभ्यासक्रम आणि कर्ज आधी तपासा

बेल्लमपल्ली : सिंगरेणीच्या कोळसापट्ट्यात घरातलं पोर बी.टेक. झालं की पुढचा रस्ता बहुतेक ठरलेला असतो. हैदराबादला सॉफ्टवेअरची नोकरी, नाहीतर अमेरिकेत एम.एस. याशिवाय आणखी एक रस्ता आहे, परदेशात फायनान्सची मास्टर्स पदवी. त्याचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कॉमर्स नसताना फायनान्सला घेतील का?’

घेतात. काही अभ्यासक्रमांना तर इंजिनिअरच हवा असतो. पण ‘फायनान्स’ या एका नावाखाली बरेच वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात आणि प्रत्येकाची प्रवेशाची अट वेगळी असते. ती न वाचता अर्ज केला, तर परीक्षेची फी, अर्जाची फी आणि एक वर्ष, तिन्ही वाया जातं. आणि प्रवेश मिळूनही कर्जाचा हिशेब चुकला, तर वडिलांच्या निवृत्तीचा पैसा त्यात अडकतो.

नागपूरहून वॉल स्ट्रीटपर्यंत

इंजिनिअर माणूस फायनान्समध्ये किती पुढे जाऊ शकतो, याचं उदाहरण याच रेल्वेमार्गावरच्या नागपूरचं आहे. १९५७ मध्ये नागपुरात जन्मलेल्या विक्रम पंडित यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची बी.एस. आणि एम.एस. केली. मग तिथेच १९८६ मध्ये फायनान्सची पीएच.डी. घेतली. डिसेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१२ ते सिटीग्रुपचे सीईओ होते.

याचं कारण विषयातच आहे. शेअरच्या ऑप्शनची किंमत काढण्याचं ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ मध्ये आलं. त्यामागचं समीकरण थोडं फिरवलं की ते उष्णतेच्या प्रसाराचं समीकरण होतं, म्हणजे मेकॅनिकलची मुलं ‘हीट ट्रान्सफर’मध्ये शिकतात तेच. या कामासाठी १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रॉबर्ट मर्टन यांची पहिली पदवीही इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचीच.

आणखी एक फायदा आहे. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. त्यामुळे तीन वर्षांच्या बी.कॉम.वाल्याला जिथे अडचण येते, तिथे बी.टेक.वाला सहज बसतो.

अभ्यासक्रमांचे तीन प्रकार

पहिला प्रकार गणिताचा. याला फायनान्शियल इंजिनिअरिंग, कॉम्प्युटेशनल फायनान्स किंवा मॅथेमॅटिकल फायनान्स म्हणतात. कार्नेगी मेलनचा असा अभ्यासक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. बर्कली, कोलंबिया, न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज इथेही असे अभ्यासक्रम आहेत. इथे कॉमर्स कुणी विचारत नाही. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, प्रोबॅबिलिटी, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि पायथन किंवा सी++ येतं का, ते पाहतात.

दुसरा प्रकार साधारण फायनान्सचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इम्पिरियल किंवा एमआयटीच्या स्लोन स्कूलची मास्टर्स. इथे इंजिनिअरला घेतात, पण त्याने फायनान्सची तोंडओळख स्वतःहून करून घेतलेली दिसावी लागते.

तिसऱ्या प्रकारात गल्लत जास्त होते. केंब्रिजच्या मास्टर ऑफ फायनान्सला फायनान्स क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे नुकत्याच पास झालेल्यांनी तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या अनेक सरकारी विद्यापीठांत फी नसते किंवा नाममात्र असते, म्हणून मुलं तिकडे वळतात. पण तिथल्या फायनान्सच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना पदवीत अर्थशास्त्र आणि बिझनेस विषयांचे ठरावीक क्रेडिट लागतात. इंजिनिअरिंगच्या गुणपत्रिकेत ते भरत नाहीत आणि अर्ज छाननीतच बाहेर पडतो. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते वेगळंच.

म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी ‘प्रवेशासाठी पात्रता’ हे पान वाचायचं. अनेक कन्सल्टन्सींना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. त्यांनी दिलेली यादी आपल्या सोयीची असेलच असं नाही.

अर्जात काय दाखवायचं?

परीक्षा जीआरई किंवा जीमॅट, यापैकी एक. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई दोन तासांच्या आत संपते. जीमॅटचं नवं रूप सव्वादोन तासांचं आहे आणि गुण २०५ ते ८०५ या मापात मिळतात. नव्या जीमॅटमध्ये भूमिती नाही, जीआरईत आहे. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, इंग्रजीच्या आयईएलटीएसचे दोनच वर्षं. म्हणून जीआरई आधी, आयईएलटीएस नंतर हा क्रम बरा.

स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणजे एसओपीत ‘लहानपणापासून शेअर बाजाराची आवड होती’ हे वाक्य हजारो अर्जांत असतं. त्यापेक्षा काय केलं ते लिहावं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे फायनान्सचे कोर्स फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच पैसे लागतात. एनआयएसएमची एखादी परीक्षा किंवा सीएफएची पहिली लेव्हल दिली तर वजन पडतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजाराच्या आकडेवारीवर करता आला तर उत्तम. कोळसा, वीज, सिमेंट हे धंदे या भागात रोजचे आहेत. कोळशाच्या भावाचा वीज कंपनीच्या नफ्यावर काय परिणाम होतो, असा विषय इथल्या मुलाच्या हातात शोभतो आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही राहतो.

नाव आणि जिल्हा

सीमाभागातल्या मुलांची कागदपत्रं गोंधळाची असतात. बेल्लमपल्ली २०१४ पर्यंत आंध्र प्रदेशात होतं आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात. आता ते मंचिर्याल जिल्ह्यात आहे. त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक जिल्हा, आधारवर दुसरा असं दिसतं. तो तपशील जन्माच्या वेळचा असल्याने खोटा नसतो, पण विचारलं तर उत्तर तयार हवं.

नावाचं प्रकरण जास्त नाजूक. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी, तेही अनेकदा नुसत्या अद्याक्षरात. मराठी पद्धतीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करायची. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं. म्हणून पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्यायचा, मगच परीक्षेचे पैसे भरायचे.

पैशाचा हिशेब

नामांकित विद्यापीठात फी आणि राहणं मिळून खर्च ५० लाखांच्या पुढे सहज जातो. बँकांच्या नेहमीच्या नियमानुसार साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. निवडक विद्यापीठांसाठी काही बँका ते माफ करतात.

इथेच खाणीच्या गावाची अडचण सुरू होते. कंपनीचं क्वार्टर आपल्या नावावर नसतं, ते तारण देता येत नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तिथल्या जमिनीच्या हस्तांतरणावर ‘वन ऑफ सेव्हंटी’ नियमाची बंधनं आहेत. गावाकडची जमीन बँकेला चालेल का, हे प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्ज करण्याआधी बँकेच्या वकिलाला विचारावं.

४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी, दहा वर्षांत फेडायचं धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार. शिक्षण आणि नोकरीचा शोध यात दोन वर्षं गेली, तर तेवढ्यात साधारण ८ लाख ८० हजार व्याज चढतं. ते न भरता मुद्दलात मिळवलं तर हप्ता ६७ हजारांवर जातो. परदेशात नोकरी लागली तर हा हप्ता पेलतो. परत यावं लागलं, तर भारतातल्या पगारावर तो निघेल का, हा प्रश्न घरात बसून आधीच सोडवायला हवा. व्याजावर जुन्या करपद्धतीत आठ वर्षं सवलत मिळते, तिला वरची मर्यादा नाही.

शिष्यवृत्ती कुठल्या राज्याची?

मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राची शिष्यवृत्ती मिळत नाही, तिथे रहिवासी दाखला पाहतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. बेल्लमपल्लीच्या मुलाने तेलंगणाच्या योजना पाहाव्यात. एससी आणि एसटींसाठी आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधी, बीसींसाठी महात्मा जोतिबा फुले विद्यानिधी, अल्पसंख्याकांसाठी वेगळी योजना. या योजनांत २० लाखांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नमर्यादा वर्षाला ५ लाख.

ही मर्यादा सिंगरेणीच्या गावात बोचते. अनेक कायम कामगारांचा पगार तिच्या वर जातो, त्यांची मुलं बाहेर पडतात. कंत्राटी कामगाराचं पोर मर्यादेत बसतं, पण उरलेल्या रकमेच्या कर्जाला त्याच्याकडे तारण नसतं.

जातीचा प्रवर्गही सीमेवर बदलतो. लंबाडा समाज तेलंगणात एसटी आहे, तोच बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांत. एकाच घराण्यातल्या किनवटच्या आणि आदिलाबादच्या मुलाचे अर्ज त्यामुळे वेगवेगळ्या योजनांत जातात. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप एससी आणि आणखी काही गटांसाठी आहे. तिथे उत्पन्नमर्यादा ८ लाख.

शिकल्यावर किती काळ राहता येतं?

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. अभ्यासक्रम ‘स्टेम’ यादीत असेल तर आणखी २४ महिने. साधारण फायनान्सचा कोड ५२.०८०१ या यादीत नाही. फायनान्शियल मॅथेमॅटिक्सचा २७.०३०५ आहे. नावं सारखी वाटली तरी कामाची दोन वर्षं या कोडवर ठरतात. विद्यापीठाला ईमेल करून कोड लेखी मागवावा. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतरची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचीच मिळणार आहे.

बहुतेक चांगल्या अभ्यासक्रमांचे अर्ज सप्टेंबर ते जानेवारी या काळात जातात. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पासपोर्टवरचं नाव, पात्रतेची पानं आणि बँकेचं उत्तर, एवढं हातात असलं, तर सप्टेंबरपर्यंत जीआरईला पुरेसा वेळ मिळतो. बँकेचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ते तेव्हाच कळलेलं बरं, कारण तोवर खर्च फारसा झालेला नसतो.