नावनोंदणी एकदा, हजेरी दर तासाला

‘उद्या तासाला कोण कोण आहे?’ आठवड्याच्या शिकवणीचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्या बाईंना हा प्रश्न रात्री टाकावाच लागतो. मग अंगठे येतात, जोडलेले हात येतात, एक आई ‘सर्दी आहे, बघते’ म्हणते, मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. सकाळी स्क्रीनवर दिसणारी मुले आणि रात्रीचे अंगठे यांचा मेळ काही बसत नाही. मार्च 2020च्या टाळेबंदीत गायन, तबला, कथक, योग यांचे वर्ग ऑनलाइन गेले. टाळेबंदी उठल्यावरही त्यांतले बरेच तिथेच राहिले, कारण पुण्यातल्या वर्गात आता नाशिकची आणि न्यू जर्सीची मुलेही बसू लागली होती. वर्ग बदलले, हजेरी मात्र अंगठ्यांवरच राहिली.

व्हॉट्सॲपने 2022च्या अखेरीस पोलची सोय दिली. एका तासापुरती ती छानच आहे. पण प्रत्येक पोल वेगळा, नव्या संदेशांखाली दबत जाणारा. तीन महिन्यांत कोणाचे किती तास बुडाले, हे त्यातून काढायचे तर बोटाने वर वर सरकवत बसावे लागते. शाळेतल्या कॅटलॉगात एका नजरेत जे दिसते, ते इथे दिसत नाही.

त्यासाठी लागणारे साधन जुनेच आहे आणि फुकट आहे. गुगलने 2008 साली आपल्या स्प्रेडशीटला जोडून फॉर्मची सोय आणली. विद्यार्थ्याने फॉर्म भरला की शीटमध्ये एक ओळ वाढते आणि तिच्या सुरुवातीला तारीख-वेळ आपोआप उमटते. एवढ्यावर हजेरीपट उभा राहू शकतो. तरीही बहुतेक फॉर्म महिन्याभरात बंद पडतात, आणि याचे कारण तंत्रात नसते. नाव, इयत्ता, पालकांचा मोबाइल, ईमेल, बॅच असे सगळे प्रश्न दर आठवड्याला विचारले जातात. कंटाळलेली मुले मग एकदा पूर्ण नाव लिहितात, एकदा नुसते ‘सानिका’, एकदा रोमन अक्षरांत. शीटच्या लेखी ती तीन वेगळी माणसे असतात.

म्हणून पहिले काम म्हणजे दोन फॉर्म वेगळे करणे. एक नावनोंदणीचा, सत्राच्या सुरुवातीला एकदाच भरायचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गांना सत्र शोधावे लागत नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. नोंदणीत विद्यार्थ्याचे नाव, पालकांचा एक मोबाइल आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा यांपैकी कोणती परीक्षा, एवढे पुरे. त्यावरून शिक्षिकेने प्रत्येकाला हजेरी क्रमांक द्यायचा.

दुसरा फॉर्म हजेरीचा. त्यात दोनच प्रश्न: क्रमांक, आणि ‘येणार’ की ‘नाही’. क्रमांक टंकायला लावू नये, ड्रॉपडाउनमधून निवडू द्यावा. त्यात नावांची यादी घालण्याचा मोह होतो, पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला वर्गातल्या सगळ्या मुलांची नावे दिसतील. आणखी सोपे करायचे असेल, तर फॉर्मच्या मेनूमध्ये आधीच भरलेली लिंक मिळवण्याची सोय आहे. त्या लिंकमध्ये क्रमांक आधीच बसवून प्रत्येक पालकाला आपापली लिंक एकदा पाठवायची. मग मुलाने लिंक उघडायची, ‘येणार’ निवडायचे, सबमिट दाबायचे. ज्या घरात आजी फोन हाताळते, तिथे या सोयीची खरी किंमत कळते.

सेटिंग्जमधल्या दोन खुणा इथे हमखास नडतात. ‘एकदाच उत्तर द्या’ हे बंधन कडक शिस्तीचे वाटते. पण तोच फॉर्म दर आठवड्याला वापरायचा असेल, तर पहिल्या तासानंतर सगळ्यांना दार बंद होते. शिवाय त्यासाठी गुगल खात्यातून लॉगिन करावे लागते, ते वेगळेच. दुसरी खूण उत्तर बदलू देण्याची. मुलाने नवे उत्तर देण्याऐवजी मागचेच बदलले, तर शीटमधली जुनी ओळ बदलते आणि मागच्या आठवड्याची हजेरी पुसली जाते. दोन्ही खुणा काढलेल्या बऱ्या. कुणी दोनदा भरले तर शेवटची ओळ धरायची.

तारीख मुलांना विचारूच नये. पुण्यात रविवारी सकाळी 7 वाजता सुरू होणारा तास न्यू जर्सीत शनिवारी रात्री असतो. उन्हाळ्यात साडेनऊला, हिवाळ्यात साडेआठला. अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली कधीच हलत नाहीत. मुलाने शनिवारची तारीख टाकली तर ती त्याच्या दृष्टीने बरोबरच असते आणि हजेरीत तेवढीच चुकीची. शिवाय 3/11 म्हणजे तिकडे 11 मार्च, इकडे 3 नोव्हेंबर. शीटच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळ ठेवली की ओळीवर उमटणारी वेळ सर्वांना एकच राहते. फॉर्मच्या डोक्यावर मात्र दोन्ही देशांतली वेळ लिहावी आणि वर्षातून दोनदा आठवणीने बदलावी.

फॉर्म जिथे उत्तरे गोळा करतो, त्या पानाला हात लावू नये. शेजारी दुसरे पान उघडून डावीकडे क्रमांक आणि वर तासांच्या तारखा मांडाव्यात. मोजणीचे साधे सूत्र चौकटी भरून देते, आणि कॅटलॉग डोळ्यांसमोर येतो.

‘येणार’ म्हणणे आणि येणे यांत अंतर असते, हेही मान्य करायला हवे. म्हणून त्याच पानावर ‘आला’ असा टिकचा रकाना शिक्षिकेने स्वतः भरावा. वीस मुलांच्या वर्गात त्याला मिनिटही लागत नाही. झूमच्या सशुल्क खात्यात कोण किती वेळ जोडलेले होते याचा अहवाल मिळतो, पण त्यात एका आयपॅडवर बसलेली दोन भावंडे एकच माणूस ठरतात. जिथे जागा मोजक्या, म्हणजे योगवर्गात पंधराच चटया असतील, तिथे आधीचे ‘येणार’ जास्त महत्त्वाचे. जागा भरली की पर्याय आपोआप नाहीसा होण्याची सोय साध्या गुगल फॉर्ममध्ये नाही, त्यासाठी जोड-प्रणाली लागते. साइनअपजीनियससारखी साधने मात्र मुळातच अशा जागावाटपासाठी बांधलेली आहेत.

माहिती मुलांची आहे, ही गोष्ट सगळ्यात जपायला हवी. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून नोंदणीचा फॉर्म पालकांनीच भरावा आणि माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार, हे त्यावरच लिहिलेले असावे. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक यांचा हजेरीशी काही संबंध नाही. ते विचारूच नयेत. शीट लिंकने सर्वांना खुली न ठेवता शिक्षिका आणि फार तर एक मदतनीस यांच्यापुरती ठेवावी. परीक्षा संपून निकाल लागला की हजेरीची एक प्रत उतरवून घ्यावी, वर्ग सोडलेल्या मुलांचे मोबाइल क्रमांक काढून टाकावेत आणि पुढच्या सत्रासाठी दोन्ही फॉर्मच्या नव्या प्रती काढाव्यात.