जुन्या टेम्पोचे नवे गिऱ्हाईक

राजारामपुरीतील एखाद्या दुकानदाराने जुना पिकअप टेम्पो विकावयास काढला, की पूर्वी गिऱ्हाईक दारात येई, मिस्त्रीकडून इंजिन तपासून घेई आणि मग घासाघीस करी. आता ते मोबाईलवरील जाहिरात पाहून फोन करते, स्वतःस लष्करी जवान म्हणवते आणि गाडी न पाहताच सांगितलेली किंमत कबूल करते. संशय यावा तो येथेच. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन केले, त्यात माहिती विक्रेत्याजवळ आणि अज्ञान ग्राहकाच्या वाट्याला होते. आज अंधारात असतो तो विक्रेता. ‘पैसे जमा करण्यासाठी’ म्हणून त्याला कोड स्कॅन करून पिन टाकावयास सांगितले जाते. वस्तुतः यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना नव्हे. फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

खरा ग्राहक मिळाला तरी जोखीम उरतेच. नमुना २९ व ३० वर सह्या करून विक्रेता निर्धास्त होतो, अन् कागद ग्राहकाच्या खिशात पडून राहतात. वास्तविक, राज्यांतर्गत विक्रीची खबर १४ दिवसांत परिवहन कार्यालयास देण्याचे बंधन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने विक्रेत्यावरच घातले आहे. नोंद बदलली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. मग टेम्पो मधल्या काळात चार हातांतून फिरलेला का असेना.