राजा, संन्यासी आणि बहात्तर गावे

माझे बालपण कंधारला गेले. किल्ल्याच्या खंदकाकाठी बसून आजोबा निजामी राजवटीच्या गोष्टी सांगत आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट ठरलेला असे: "लेकरा, गादीवरला माणूस आपण होऊन काही सोडत नसतो!"

आमच्यापुरते ते खरेच होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली ती नीट उभी राहण्यापूर्वीच बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि आम्हांला मोकळे व्हायला सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

आजोबांचे म्हणणे खोटे पाडणारी हकीकत मला पुष्कळ उशिरा कळली, आणि गंमत अशी की ती नेमकी त्याच १९३८ सालची निघाली.

सातारा जिल्ह्यातल्या औंधला मी गेलो होतो तो चित्रे पाहायला. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची चित्रे, हेन्री मूरने दगडात घडवलेली मायलेकरे! आडगावी हे कुणी जमवले असेल असे वाटते. जमवणारे होते औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चांगले चित्रकार. रामायणातील प्रसंग त्यांनी आपल्या कुंचल्याने रंगवले आणि 'चित्र-रामायण' म्हणून छापले. कीर्तन करीत, आणि सूर्यनमस्कारांचा त्यांचा ध्यास तर महाराष्ट्राला ठाऊकच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला तोही याच राजाने.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी या कलावंताला सत्तर वर्षे पुरी झाली. या वयात माणसाला नवे मित्र सहसा मिळत नाहीत. मिळाले तर समवयस्क, देवळाच्या पारावरचे. बाळासाहेबांच्या वाट्याला आला तो मात्र मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर, वयाने त्यांच्याहून निदान पंचवीस वर्षांनी लहान.

हा गृहस्थही चमत्कारिकच. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याला बंगलोरला आणले ते विजेच्या सामानाचा कारखाना चालवायला. पण त्याचे मन होते रमण महर्षींकडे आणि गांधीजींकडे. भगवी वस्त्रे घालून त्याने भारतानंद हे नाव घेतले. राजेसाहेबांचे बॅरिस्टर चिरंजीव अप्पासाहेब पंत यांची व त्याची बंगलोरला ओळख झाली आणि त्या ओळखीने तो औंधला आला.

एक कीर्तनकार संस्थानिक, दुसरा वॉर्साचा यंत्रज्ञ. दोघांचे जमावे कसे? पण जमले! आणि या पाहुण्याने यजमानाला सुचवले काय, तर सारी सत्ता प्रजेला देऊन टाका आणि तसे गांधीजींना कळवा.

वाचकहो, क्षणभर आपणच राजेसाहेबांच्या जागी बसून पाहा. घरचा कारभार सुनेच्या हाती द्यायचा म्हटले तरी किल्ल्या कमरेलाच राहतात! इथे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे राज्य होते, आणि सांगणारा परका, ना नात्याचा ना गोताचा. सत्तर वर्षांच्या राजाने ते ऐकले. फ्रीडमन आणि अप्पासाहेब सेवाग्रामला गेले, गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये बहात्तर गावांचे हे संस्थान प्रजेच्या हाती गेले. पाया गावपंचायतीचा आणि मताचा हक्क साक्षरांना. त्यामुळे मतासाठी अक्षर गिरवणे आलेच.

फ्रीडमन एवढ्यावर थांबला नाही. आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. त्यामागेही तोच होता. पुढे ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. चित्रपट साऱ्यांनी पाहिला. त्यामागच्या परदेशी माणसाचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. बाळासाहेब १९५१ साली गेले. फ्रीडमन मात्र परत गेला नाही. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संभाषणांचे त्याने इंग्रजीत भाषांतर केले, ते १९७३ साली प्रसिद्ध झाले, आणि १९७६ साली मुंबईतच त्याने देह ठेवला. ज्याच्या शब्दावर एका राजाने राज्य सोडले, त्या माणसाने स्वतःसाठी काही मागितल्याचे ऐकिवात नाही. त्याचा शब्द मानला गेला तो यामुळेच, असे मला वाटते. आणि म्हातारपणीही दुसऱ्याचे ऐकण्याइतके मन ओले ठेवणे, हे तर बाळासाहेबांच्या कुठल्याही चित्राहून अवघड काम होते.

औंधहून परतल्यावर मी कंधारच्या खंदकाकाठी जाऊन बसलो. ही हकीकत सांगायला आजोबा हवे होते. ऐकून ते काय म्हणाले असते, हे मला पक्के ठाऊक आहे: "असा एखादा दोस्त आमच्या निजामाला का नाही रे मिळाला?"