नंदीच्या घाटाला मोटारींपासून सुट्टी

बंगळुरूपासून साठेक किलोमीटरवर, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, नंदीचा डोंगर समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटरवर उभा आहे. शहरच मुळात नऊशे मीटरच्या आसपास वसलेलं, त्यामुळे मोटारीच्या काचेतून हा डोंगर फार काही वाटत नाही. पायथ्याच्या फाट्यापासून माथ्याच्या दरवाजापर्यंतचा सुमारे आठ किलोमीटरचा डांबरी घाट सायकलवर चढायला घेतला, की मात्र उंची पोटऱ्यांना कळते. सरासरी चढ पाच-साडेपाच टक्के, शेवटच्या टप्प्यात त्याहून बराच खडा, आणि वळणामागून वळण. पुण्याच्या सायकलवाल्यांना जसा सिंहगडचा घाट, तसा बंगळुरूकरांना हा. ऑक्टोबर १७९१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेला माथ्यावरचा किल्ला घ्यायला तीन आठवडे लागले होते. आता शनिवार-रविवारच्या पहाटे हा घाट दोन फौजांना एकाच वेळी हवा असतो. एक फौज सायकलवाल्यांची, दुसरी ढगांवरचा सूर्योदय बघायला अंधारातच निघालेल्या मोटारी आणि बाइकवाल्यांची. रस्ता एकच, तोही अरुंद. या भांडणावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे डोंगरातून, झाडीतून सायकलींसाठी वेगळा मार्ग बांधणं. माझं मत नेमकं उलट आहे. डोंगरावर सायकलीसाठी नवं काहीही बांधू नये. आहे तोच डांबरी रस्ता ठरावीक वेळी मोटारींना बंद करावा.

मुळात सायकल आणि मोटार घाटात एकत्र का नांदू शकत नाहीत, हे आधी पाहू. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरलं आणि हे वजन पाऊण तासात साडेचारशे मीटरच्या आसपास वर न्यायचं म्हटलं, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सव्वाशे वॉटच्या वर ताकद सलग लावावी लागते. घरातले छताचे जवळजवळ दोन पंखे पायांनी फिरवत राहण्याइतकी. एवढं करूनही वेग येतो ताशी दहा-अकरा किलोमीटर. इतक्या कमी वेगात सायकल सरळ रेषेत जात नाही. पुढचं चाक हातभर इकडे, हातभर तिकडे होतं, आणि खड्या वळणावर तर स्वार मुद्दाम बाहेरच्या अंगाने जातो, कारण आतल्या कडेचा चढ अंगावर येतो. मागून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत आलेल्या गाडीला हे कळत नाही. तिला वाटतं, हा मुद्दाम आडवा येतोय. शिवाय निवांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो, तोच चढावर जोर लावताना साठ लिटरच्याही पुढे जातो, आणि तोंडासमोर असतो त्या गाडीचा धूर. उतरताना सगळं उलटं होतं. चाळीस-पन्नासच्या वेगाने खाली येणाऱ्या सायकलीला वळण नीट घ्यायला रस्त्याची आपली पूर्ण बाजू लागते. अर्धा मीटर जरी गाडीने खाल्ला तरी ब्रेक दाबायला जागा उरत नाही. जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी मिसळतात तिथे वेगमर्यादा ताशी तीस ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाटात ती पाटीवर असली काय आणि नसली काय.

मग वेगळा मार्ग का नको? याचं उत्तर बंगळुरूच्याच दक्षिणेला, कनकपुरा रस्त्याच्या बाजूला सापडतं. तुरहळ्ळीचं जंगल साधारण सहाशे एकरांचं, खडकाळ टेकड्या आणि खुरट्या झाडीचं. शहराने चारी बाजूंनी वेढलेल्या या तुकड्यात डोंगरी सायकल चालवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मातीच्या वाटा मळल्या. २०२१ च्या सुरुवातीला सरकारने इथे वृक्षोद्यान करायचं घाटलं. आसपासच्या रहिवाशांनी आणि तिथे नेहमी जाणाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि बेत मागे घ्यावा लागला. विरोधाचा मुद्दा साधा होता: जंगल आहे तिथे उद्यान कशाला? हाच प्रश्न सायकल मार्गालाही लागू होतो, आणि सायकलप्रेमींना तो टाळता येणार नाही. दोन मीटर रुंदीचा ‘हिरवा’ मार्ग डोंगरउतारावर नेताना उतार कापावा लागतो, पाणी वळवावं लागतं, कठडे येतात, मग दिवे येतात, मग दिव्यांसाठी तारा. कच्ची वाटही निरुपद्रवी नसते. उतारावर मागचं चाक घसरवत ब्रेक लावला की मातीत चर पडतो, पुढच्या पावसात त्याचा ओहळ होतो. म्हणजे जंगलाची काळजी असणाऱ्या सायकलवाल्याने जंगलात नवी वाट मागण्यापेक्षा जंगलाशेजारचा तयार डांबरी रस्ता मागणं अधिक प्रामाणिक. नंदीवर तर हे आणखी खरं, कारण त्याच्या माथ्यावरची दाट, ओलसर झाडी भोवतालच्या कोरड्या मुलखात बेटासारखी आहे. पश्चिम घाटातलं निलगिरीचं रानकबूतर तिथवर येऊन राहिलंय. अर्कावती, पालार, पेन्नार या नद्यांचे उगमही याच डोंगरांत.

दुसरा सोपा वाटणारा पर्याय म्हणजे आहे त्या रस्त्यावर पट्टा आखून देणं. तो करून झालाय. २०२० मध्ये बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर सतरा किलोमीटरचा सायकल पट्टा प्लास्टिकचे खांब ठोकून वेगळा काढला होता. मोटरसायकली त्यात घुसल्या, गाड्या उभ्या राहिल्या, खांब निघाले, मेट्रोचं काम आलं आणि पट्ट्याचं नाव उरलं. सपाट, रुंद रस्त्यावर ही गत, तर घाटातल्या वळणावर रंगाच्या रेघेला कोण विचारतो.

बंदीच्या वेळा मात्र चालतात, कारण त्यांना भिंत लागत नाही, एक अडसर आणि एक शिपाई पुरतो. बंगळुरूतला कब्बन पार्क १८७० चा, तीनशे एकरांच्या आसपासचा. त्याच्या पोटातून रस्ते जातात आणि एरवी त्यांवर रहदारी असते. रविवारी ते मोटारींना बंद असतात. २०२० च्या टाळेबंदीत तर काही महिने ते पूर्णच बंद होते, आणि पुन्हा सुरू करताना ‘नका उघडू’ म्हणणारे नागरिक रस्त्यावर आले. राज्याच्या नागरी भू-परिवहन संचालनालयाने २०१३ पासून ‘सायकल दिन’ भरवले तेही याच तत्त्वावर. शहरातला चर्च स्ट्रीट २०२० च्या नोव्हेंबरपासून काही महिने शनिवार-रविवारी वाहनमुक्त ठेवला, आणि भारतीय विज्ञान संस्थेने त्याचे परिणाम अभ्यासले. बाहेर बघायचं तर कोलंबियात बोगोटा शहर १९७४ पासून रविवारी नि सणावारी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभरावर किलोमीटर रस्ते सायकलींच्या आणि चालणाऱ्यांच्या हवाली करतं. पन्नास वर्षं टिकलेली ही व्यवस्था रस्त्यावर एक वीटही न रचता उभी आहे. आपल्याकडे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दारात सायकली भाड्याने मिळतात आणि कान्हेरीच्या दिशेने चढणारा जुनाच डांबरी रस्ता लोक वापरतात. बिबट्यांच्या त्या जंगलात सायकलींसाठी वेगळी वाट फोडावी, असं कोणी शहाणा म्हणणार नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार: वर देऊळ आहे, म्हातारी माणसं दर्शनाला येतात, गुडघे धरलेली आजी आठ किलोमीटर कशी चढेल? याचं उत्तर बस, पण बस म्हणताना सिंहगड आठवावा. मे २०२२ मध्ये तिथे खाजगी गाड्या बंद करून इलेक्ट्रिक बस सुरू केल्या, आणि काही दिवसांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. चढायला माणसं जास्त, न्यायला बस कमी, आणि वर अडकलेल्यांचे हाल. त्यातून ‘बंदी चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतील. मला वाटतं, तो प्रयोग एका फटक्यात सगळे दिवस, सगळे तास बंद करण्याच्या हव्यासापायी फसला. नंदीवर महिन्यातला एक रविवार, पहाटे पाच ते नऊ, एवढंच घेऊन बघावं. चार तासांसाठी लागणाऱ्या बस मोजता येतात, आणि महिनाभर आधी जाहीर केलेली तारीख पर्यटकही सांभाळून घेतात. अपंगांच्या गाड्या आणि रुग्णवाहिका यांना मुभा असावीच. रुग्णवाहिकेला रिकामा रस्ता तर गर्दीच्या रस्त्यापेक्षा सोयीचाच.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. सूर्योदयाची वेळ सायकलवाल्यांनाही हवी आणि मोटारवाल्यांनाही. दोघांचंही नुकसान न करणारी वेळ घड्याळात नाही. म्हणून पहिला हक्क कोणाचा, हे ठरवावंच लागेल. एका मोटारीत चार माणसं धरली तरी ती वर जाऊन उभी राहायला जागा खाते, आणि ती जागा डोंगराच्या माथ्यावर कापून काढावी लागते. बसमधून आलेला माणूस सूर्योदय तितकाच बघतो. त्यामुळे इथे मोटारवाल्याचा सूर्योदय जात नाही, त्याची पार्किंगची जागा जाते.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा: पायथ्याशी आणि वाटेवर कणीस, चहा, कलिंगड विकणाऱ्यांचं काय? मोटार थांबली नाही तर गिऱ्हाईक कोण? घाट चढून आलेल्या सायकलवाल्याइतकं भुकेलेलं गिऱ्हाईक दुसरं नाही, हे कुठल्याही इडलीच्या गाडीवाल्याला विचारावं. शिवाय बससाठी सगळी माणसं पायथ्याशी उतरणार, थांबणार. म्हणजे विक्री वरून खाली सरकेल. वर ज्यांचे गाळे आहेत त्यांना चार तासांचा तोटा होईल, हे खरं, आणि त्याची भरपाई तिकिटाच्या पैशांतून करण्यात काही गैर नाही. तिसरा आक्षेप जरा बोचरा आहे. लाखालाखाच्या कार्बनच्या सायकली मिरवणाऱ्या हौशी आयटीवाल्यांसाठी सार्वजनिक रस्ता बंद का करायचा? आज घाटात दिसणारा सायकलवाला बहुतेक याच वर्गातला असतो, हे मान्य. पण तो तसा असण्याचं कारण घाटाची भीती हेही आहे. गाड्यांच्या रांगेत बारा वर्षांच्या मुलीला सायकल घेऊन कुठली आई पाठवेल? नंदी गावातली, सुलतानपेठेतली पोरं शाळेला सायकलने जातातच. चार तास मोटारी नसल्या तर त्यांना चढायला कोणी शिकवावं लागणार नाही. पायथ्याशी गिअरच्या साध्या सायकली बोरिवलीसारख्या भाड्याने मिळाल्या, तर कार्बनवाल्यांची मिरास आपोआप पातळ होईल.

उरतो तो डोंगर स्वतः. ऑगस्ट २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात एका रात्रीच्या पावसाने नंदीच्या रस्त्यावर दरड कोसळली, रस्ता तुटला आणि पर्यटकांसाठी डोंगर थेट डिसेंबरच्या सुरुवातीला उघडला. त्याआधी महिनाभरच, कोविडच्या गर्दीपायी, जिल्हा प्रशासनाने शनिवार-रविवारी पर्यटकांना बंदी घातली होती. म्हणजे घाट बंद ठेवणं प्रशासनाला अशक्य नाही. गरज पडली तेव्हा तो त्यांनी ठेवला आहे. त्यानंतर डोंगरावर जाणाऱ्या सुमारे तीन किलोमीटरच्या रोपवेची मार्च २०२३ मध्ये पायाभरणी झाली. अनेक निसर्गप्रेमींना तो नको आहे, आणि त्यांच्या शंका रास्त आहेत. पण तो होणारच असेल तर एक हिशेब आधीच मागावा: वर जाणारी माणसं पाळण्यातून गेली तर तेवढ्या मोटारी घाटातून कमी होणार, की मोटारी तेवढ्याच राहून वर माणसं दुप्पट होणार? रोपवे आणि रस्ता दोन्ही पूर्ण वेळ उघडे ठेवले तर दुसरं होणार, यात शंका नको. तेव्हा रोपवेच्या परवानगीतच घाटाच्या मोटारबंदीचे दिवस आणि तास लिहून घ्यावेत. एकदा माथ्यावरचं वाहनतळ वाढवून झालं, की ते रिकामं ठेवायची हिंमत कुठल्याच जिल्हाधिकाऱ्याला होणार नाही.