रायफलचा स्कोप: टिकाऊ म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय भारतातल्या श्रोत्यांना जरा लांबचा वाटेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, मोजके अपवाद सोडता, शिकार बंद आहे. त्यामुळे आज बोलायचं ते अमेरिकेतल्या रॉकी पर्वताबद्दल. कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या राज्यांत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात एल्कची शिकार करता येते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड नातलग. गाडीरस्ता संपतो तिथून सामान पाठीवर किंवा खेचरावर लादून दोन-तीन दिवस आत चालत जायचं, अशी ही शिकार.

शिकार करावी की नाही, या वादात आज शिरत नाही. पण जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहू नये, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आणि रायफलवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, विकत घेताना खरा प्रश्न हाच असतो.

दुकानात मात्र आपण काय करतो? स्कोप डोळ्याला लावतो, समोरची पाटी वाचतो आणि म्हणतो, "वा, काय स्वच्छ दिसतंय!" स्वच्छ दिसणं चांगलंच. पण स्कोपचं पहिलं काम दाखवणं नव्हे, नेम धरून ठेवणं. मैदानावर गोळ्या झाडून, आतली फुली जिथे ठेवली तिथेच गोळी लागेल असं जुळवून घेतात, त्याला 'झिरो' म्हणतात. हा झिरो महिनाभर, धक्के खाऊन, जागचा हलला नाही तर स्कोप टिकाऊ. काच फुटली तर निदान कळतं तरी. झिरो सरकला तर काहीच दिसत नाही. चित्र तितकंच सुंदर असतं.

किती सरकला तर बिघडतं, याचा हिशेब बघा. स्कोप दोन कड्यांत बसवतात, त्यांच्यात अंतर धरा १० सेंटिमीटर. एक कडं दुसऱ्याच्या तुलनेत मिलिमीटरचा दहावा भाग सरकलं, तर कोन बदलला हजारास एक. म्हणजे ३०० मीटरवर गोळी ३० सेंटिमीटर बाजूला. एल्कच्या छातीतला काळीज-फुप्फुसाचा भाग साधारण फूटभराचा. मधोमध धरलेला नेम त्याच्या बाहेर गेला. हे सगळं कागदाच्या जाडीएवढ्या हालचालीने!

स्कोपच्या पोटातही हीच गोष्ट. बाहेरच्या नळीत आणखी एक छोटी नळी असते, तिच्यातली भिंगं उलटी प्रतिमा सुलटी करतात. तिला एका बाजूने दोन स्क्रू ढकलतात, समोरून स्प्रिंग दाबून धरते. वरच्या आणि बाजूच्या घुंड्या फिरवतो तेव्हा हे स्क्रू आतबाहेर होतात. म्हणजे सगळा झिरो शेवटी एका स्प्रिंगच्या भरवशावर! ती मऊ पडली, की प्रत्येक बारानंतर नळी थोड्या वेगळ्या जागी येऊन बसते. स्वस्त आणि महाग स्कोपमधला मोठा फरक इथे असतो. तो दुकानात दिसत नाही, आणि महाग आहे म्हणून असेलच असंही नाही.

धक्का किती बसतो? गोळी १२ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८०० मीटर. नुसत्या गोळीच्या संवेगाने ४ किलोची रायफल सेकंदाला २.४ मीटर वेगाने मागे येते, ३ किलोची ३.२ मीटरने. दारूच्या वायूंची भर वेगळीच. म्हणजे डोंगर चढायला सोपी म्हणून हलकी रायफल घ्यावी, तर स्कोपचे हाल वाढतात. आणि वरचा स्कोप जड असेल तर कड्यांवरचा ताण त्याच प्रमाणात वाढतो. जड म्हणजे मजबूत, ही समजूत म्हणून अर्धीच खरी. पाऊण किलोचा स्कोप आमच्या मते या कामासाठी नकोच.

बसवण्याकडे तर लोक फारच दुर्लक्ष करतात. 'स्कोप खराब आहे' या तक्रारीमागे पुष्कळदा स्कोप नसतोच, सैल स्क्रू असतो. स्क्रूवरचं तेल पुसा, कंपनीने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. अंदाजाने कचकचून पिळलं तर नळीच दबते, आणि आतली नळी अडकते. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला, पान्याशिवाय कळतं.

पाण्याचा प्रश्न बराच जुना आणि बराचसा सुटलेला. ओरेगनच्या ल्युपोल्ड कंपनीने १९४०च्या दशकात नळीत कोरडा नायट्रोजन भरून आतलं धुकं थांबवलं. आज बऱ्यापैकी स्कोप तसेच येतात. बाहेरून काच धुरकटते ती आपल्या सवयींमुळे. थंडीतली रायफल उबदार तंबूत आणली, किंवा पहाटे थंडीत घाईत काचेवर श्वास सोडला, की झालंच.

घुंड्यांवर टोपण हवं. उघड्या घुंड्या लांबच्या नेमबाजीत सोयीच्या, पण खेचराच्या खोगिराला घासून नकळत फिरतात.

आता उजेड. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला परवानगी आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागा: ४० मिलिमीटरच्या भिंगाला १० पट मोठेपणावर डोळ्यात येणारा झोत ४ मिलिमीटरचा, ६ पटीवर साडेसहाच्या वर. संध्याकाळी मोठेपणा कमी केला की चित्र उजळतं. त्यासाठी ५६ मिलिमीटरचं भलंमोठं भिंग डोंगरात वाहून न्यायची गरज नाही.

'आजीवन वॉरंटी'चं काय, असं नेहमी विचारतात. चांगली गोष्ट आहे, पण ती घरी परतल्यावर कामाची.

म्हणून हंगामाआधी दोन महिने स्वतः तपासा. झिरो करा. मग रायफल पूर्ण रिकामी करून, बोल्ट काढून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून जाड गादीवर दोन्ही कुशींवर पाडा. गाडीच्या मागच्या भागात आठवडाभर फिरवा. पुन्हा झाडून बघा. गोळ्या आधीच्याच जागी पडल्या, तर तो स्कोप ठेवा. नसतील आणि स्क्रूही जागचे हलले नसतील, तर परत करा, मग काच कितीही छान असो. महागडा स्कोप असा पाडायला जीव होत नाही, हे समजतं. पण डोंगरात तो पडणारच आहे, आणि तिथे गादी नसते.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे: मोठेपणा बदलणारा घ्यावा की ठरावीक? ठरावीक ६ पटीच्या स्कोपमध्ये हलणारे भाग कमी, म्हणून बिघडायलाही कमी. पण दाट झाडीत, ३० मीटरवर एल्क उभं राहिलं तर ६ पटीत नुसती केसाळ भिंत दिसते. त्यामुळे २ ते १० पटीच्या आसपासचा, तपासून घेतलेला स्कोप बहुतेकांना बरा.

दुसरा प्रश्न: वाटेत रायफल पडली तर? तंबूपासून आणि जनावरांच्या वाटेपासून लांब जा, मागे मातीचा उंच बांध असेल अशी जागा बघा, १०० मीटरवर कागद लावून दोन गोळ्या झाडा. तशी जागा मिळाली नाही तर त्या दिवशी जनावरावर गोळी नको. या तपासणीसाठी आठ-दहा गोळ्या जास्तीच्या न्याव्यात, आणि स्क्रूच्या मापाची छोटी किल्ली खिशात असू द्यावी.