मागच्या सिलिंडरची कुरबुर

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागे एक अरुंद गॅरेज आहे. परवा तिथे एक जुनी अक्विला उभी होती. ह्योसंग या कोरियन कंपनीची ही 250 सीसीची व्ही-ट्विन एके काळी पुण्याच्याच कायनेटिकने भारतात आणली होती. आता रस्त्यावर क्वचितच दिसते. मालक म्हणाला, ‘‘काका, साठच्या वर मक्खन पळते. पण सिग्नलला झटके मारते, मध्येच बंद पडते. कार्बोरेटर खोलून धुवायचा का?’’

काकांनी पान्याला हातही लावला नाही. गाडी चालू केली, मिनिटभर थांबले, बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि दोन्ही बेंडपाइपवर शिंतोडे मारले. पुढच्या पाइपवर थेंब चर्रकन उडाला. मागच्यावर तो नुसता ओघळत खाली गेला.

‘‘मागचा झोपलाय,’’ काका म्हणाले.

व्ही-ट्विनचं दुखणं ओळखायचं तर आधी एवढंच बघायचं असतं. एका क्रँकला जुंपलेली ही दोन इंजिनं. प्रत्येकाचा प्लग वेगळा, या गाडीत तर कार्बोरेटरही वेगळा. जोडीतला कोणता बैल अंग चोरतोय हे न बघता दोघांना औषध पाजलं, की दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

त्यात या इंजिनाची चाल मुळातच लंगडी. अक्विलाचे दोन सिलिंडर 75 अंशांत आहेत, त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा क्रँक 285 अंश फिरल्यावर होतो आणि पुढचा थेट 435 अंशांनी. हार्लेच्या 45 अंशांच्या इंजिनात हेच अंतर 315 आणि 405 असतं, डुकाटीच्या 90 अंशांत 270 आणि 450. हार्लेचा तो प्रसिद्ध गडगडाट बराचसा या विषम अंतरातूनच येतो. म्हणून नवखा माणूस निरोगी इंजिनही गॅरेजमध्ये आणतो आणि मुरलेला कधीकधी खऱ्या मिसिंगलाच ‘व्ही-ट्विन आहे, असंच वाजणार’ म्हणून सोडून देतो. काका डोळे मिटून ऐकतात. लंगडणं ठेक्यात असलं तर ठीक. ठेकाच चुकायला लागला तर आजार.

पण आजार फक्त मंद चालीतच का? आयडलिंगला मिनिटाला 1400 फेरे धरले, तर एका सिलिंडरच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम बारा स्फोट येतात. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन फटीतून येणाऱ्या हवेवर जगतं. अशा वेळी कुठे टाचणीएवढं भोक असलं, तरी मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. रेस वाढवली, झडप उघडली, की आत एवढी हवा घुसते की त्या भोकाला कोणी विचारत नाही. घट्ट झालेल्या टॅपेटचंही तसंच. व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो. मंद चालीत गळायला वेळही भरपूर मिळतो. मंद चालीला पेट्रोल पुरवणारा पायलट जेट मात्र उभाआडवा बदनाम आहे. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, गाडी उभी राहिली की चिकटा धरतो, हे खरं. पण तो पहिला संशयित कशाला?

काकांनी आधी प्लग काढला. मागचा प्लग हा व्ही-ट्विनमधला उपेक्षित प्राणी. हात पोचत नाही, म्हणून पुढचा बदलला जातो आणि मागचा तसाच राहतो. इथेही तो जुनाच निघाला, पण ठिणगी निळी आणि कडक होती. टोक पांढुरकं. म्हणजे पेट्रोल कमी, किंवा हवा जास्त.

मग त्यांनी क्लीनरचा स्प्रे उचलला आणि पोराला सायलेन्सरवर ओलं फडकं धरायला लावलं, कारण हा उद्योग तापल्या गाडीवर पेट घेऊ शकतो. मॅनिफोल्डच्या रबराभोवती बारीक फवारा मारला. काही नाही. जरा खाली सरकले, पुन्हा मारला, आणि इंजिन एकदम चढलं. व्हॅक्यूम मोजायच्या तोटीवर एक रबरी टोपी असते, करंगळीच्या नखाएवढी. तिला उभी चीर गेली होती. दोष गाडीचा नाही, वयाचा. रबर उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होतं, आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते तर जुन्या रबराला मुळीच मानवत नाही.

टोपी बदलून काम संपलं असतं, पण काकांनी भिंतीवरची फळी उतरवली. तिच्यावर पारदर्शक नळी यू आकारात ठोकलेली, खाली इंजिन ऑइल. दोन्ही टोकं दोन तोट्यांना. धक्क्यांनी तेल उड्या मारू नये म्हणून टोकांत जुने जेट खुपसलेले. ज्या बाजूची झडप जास्त मिटलेली, तिकडे ओढ जास्त, तेल तिकडे चढतं. ते भसकन इंजिनात जाऊ नये म्हणून काकांचा अंगठा नळीवर तयार. दोन कार्बोरेटरमधला स्क्रू पाव फेरा, मग त्याहून कमी. तेल थरथरत दोन्हीकडे सारख्या उंचीवर आलं.

मालक चक्कर मारून आला. आयडलिंग खूश होतं, तो अर्धवट. ‘‘काका, तिसऱ्या गिअरमध्ये वीसला अजून धक्के देते.’’

काकांनी चेन बोटाने वरखाली हलवली. ताण बरोबर होता.

‘‘मग दुसऱ्यात चालवा ना साहेब,’’ ते म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.